गुडघा, गुडघे आणि ‘टेकणे’

वेचक
मुलांच्या मासिकासाठी अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकवर टिपण लिहिते आहे. ‘टेक अ नी’ला, म्हणजे निषेध म्हणून एका गुडघ्यावर बसण्याला, मराठीत काय म्हणायचं? मी लिहिलं, ‘राष्ट्रगीत सुरू असताना त्याने गुडघे टेकले.’ आईने वाचून विचारलं, ‘शरण गेला का गं तो?’ तिथेच अडले आहे. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांसाठी केलेला निषेध, आणि माझं वाक्य नेमकं उलटं सांगतंय.

सांगलीकर
आईंचं बरोबर आहे. ‘फिरकीपुढे गुडघे टेकले’ हे क्रीडापानांवर नेहमीचंच. पण ते अनेकवचन. हरणारा दोन्ही टेकतो, म्हणून ‘एक गुडघा टेकवला’ लिहा. टेकणे मुळात वाईट नाही. देवळात माथा टेकतो, दमून पाठ टेकतो, दारी आलेल्याला ‘टेका घटकाभर’ म्हणतो. पराभव चिकटलाय तो हात आणि गुडघ्यांना.

वसईची लेक
दादा, एकवचनाचा नियम मला पटत नाही. आमच्याकडे गुडघे टेकणे म्हणजे प्रार्थना. आजी रोज संध्याकाळी दोन्ही गुडघे टेकून रोझरी म्हणायची, त्यात हार कुठली? हाही मराठीच वापर आहे, शब्दकोशवाल्यांनी मोजला नाही तरी.

एडिसनकर
वसईच्या ताई जवळ पोचल्यात. ऑगस्ट 2016 मध्ये केपर्निक आधी राष्ट्रगीताला बाकावर नुसता बसून राहायचा. नेट बॉयर या माजी सैनिकाने त्याला सुचवलं की बसू नकोस, गुडघ्यावर हो. शहीद सोबत्याच्या थडग्यापुढे सैनिक तसे होतात. 1 सप्टेंबरला तो पहिल्यांदा तसा दिसला. म्हणजे आदर आणि निषेध एकाच कृतीत. ‘माथा टेकणे’च्या घरातलाच शब्द हवा.

शब्दमित्र
मग नवा शब्द घडवा. गुडघ्याला संस्कृतात जानु, आजानुबाहूतला. ‘नतजानू निषेध’ म्हणा. सावरकरांचे दिनांक, महापौर रुळलेच ना?

नायगावचा
रुळले, पण ते कचेरीतले शब्द. चळवळीतला शब्द तोंडात बसावा लागतो. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. कोणी भाषांतर केलं? बाबा आजही ‘मी पँथर’ म्हणतात आणि वस्तीत सगळ्यांना कळतं. तुमचा नतजानू मासिकातल्या मुलांना समजावून सांगायला दुसरं टिपण लागेल.

वेचक
आणखी एक पेच. पुढच्याच परिच्छेदात 25 मे 2020, मिनियापोलिस. डेरेक शॉविन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर 9 मिनिटं 29 सेकंद ठेवलेला गुडघा. त्याला ‘टेकवला’ म्हणवत नाही. ‘रोवला’ लिहिलं आहे. गवतावरचा गुडघा आणि मानेवरचा गुडघा, दोघांना एक क्रियापद देणं मला अन्याय वाटतो.

सांगलीकर
रोवला चांगलं आहे. ‘टेकवायला लावला’ हाही प्रकार आहे. ऑक्टोबर 2021 च्या टी-20 विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने खेळाडूंना गुडघ्यावर बसण्याचा आदेश दिला, क्विंटन डी कॉक तो सामनाच खेळला नाही, माफी मागून पुढच्या सामन्यात बसला. आदेशाने निषेध कसा होईल?

शब्दमित्र
मुलांना हेही सांगा की केपर्निकच्या 2014 च्या कराराचा कमाल आकडा 12.6 कोटी डॉलर होता. टिपणात ‘कार्यकर्ता’ लिहिलंत तर माझी हरकत आहे. आपल्याकडे कार्यकर्ता सतरंज्या उचलतो, खिशातल्या पैशाने एसटीने फिरतो. फार तर ‘पाठीराखा’ म्हणा.

नायगावचा
हरकत चूक आहे. 2017 पासून त्याला एकाही संघाने घेतलं नाही. दहा लाख डॉलर संस्थांना देईन म्हणाला आणि दिले. धंदा गमावून जो उभा राहतो त्याला पाठीराखा म्हणायचं? श्रीमंत काळ्या माणसाला पोलीस गाडीतून उतरवताना बँक खातं तपासत नाहीत.

शब्दमित्र
मी त्याच्या हेतूवर बोलत नाही, शब्दावर बोलतोय. पुढे नायकी या बूट कंपनीच्या जाहिरातीतही तोच होता. झीज सोसणं हा कार्यकर्ता शब्दाचा गाभा आहे. तो सैल केला की पुढाऱ्याचा पुतण्याही कार्यकर्ता.

नायगावचा
ती झीज त्याने सोसली, एवढंच म्हणतोय. आणि पुतणे कधीचेच कार्यकर्ते झालेत, शब्द आधीच सैल आहे.

एडिसनकर
इथे अमेरिकेत माझ्या मुलीच्या शाळेत ‘ॲक्टिव्हिस्ट’ म्हणताना कोणी सतरंजी विचारत नाही. मला मराठीत ते सांगायचं तर ‘चळवळ्या’ आठवतो, पण आमच्या घरी आजोबा तो रागाने वापरायचे.

वसईची लेक
आमच्याकडे कौतुकाने. आणि ‘काळी माणसं’ की ‘कृष्णवर्णीय’? वेचकताईंनी दोन्ही लिहिलं नसेल अशी आशा.

वेचक
दोन्ही लिहिलं आहे. मजकूर सकाळी द्यायचा आहे. ‘एक गुडघा जमिनीला टेकवून तो थांबला’ एवढं ठेवलं आहे. आई म्हणते, ‘थांबला’मुळे कळतं. कार्यकर्ता अजून तसाच आहे.

शब्दमित्र
‘टेकवून’ नको, ‘टेकून’. स्वतःचा गुडघा आहे.