माशांच्या लग्नाचे अक्षरी सुडोकू: सुरुवात नेमकी कोठून करावी?

वेंगुर्लेकर

नमस्कार मंडळी. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासे निदान कागदावर तरी दिसावेत, अशा विचाराने येथील एका वाचनालयाने फलकावर ‘दर्यातले लग्न’ नावाचे सुडोकू लावले आहे. नेहमीचे सुडोकू मी बऱ्यापैकी सोडवतो, पण यात एकही अंक नाही, त्यामुळे हात कोठे घालावा हेच कळेनासे झाले आहे.

लग्नाला नऊ वऱ्हाडी आहेत: सुरमई, पापलेट, बांगडा, हलवा, रावस, मांदेली, कोळंबी, तारली आणि शेवंड. प्रत्येकाचे पहिले अक्षर काना-मात्रा सोडून घ्यायचे, म्हणजे स, प, ब, ह, र, म, क, त, श. ही अक्षरे १ ते ९ या अंकांची टोपणनावे आहेत, मात्र कोणते अक्षर म्हणजे कोणता अंक हे सांगितलेले नाही. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि तीन बाय तीनच्या चौकोनात नऊही वऱ्हाडी एकेकदाच यायचे. याशिवाय तुटक रेषेने वेढलेल्या ‘होड्या’ आहेत. होडीत बसलेल्यांच्या अंकांची बेरीज तिच्या कोपऱ्यात लिहिली आहे, पण तीसुद्धा अक्षरांत, आणि एका होडीत एक वऱ्हाडी दोनदा बसत नाही.

वरच्या ओळीत डावीकडून तीन घरांची ‘बर’, चार घरांची ‘तश’ आणि दोन घरांची ‘म’ अशा होड्या आहेत. तळाच्या ओळीत पाच घरांची ‘रश’, दोन घरांची ‘श’ आणि दोन घरांची ‘क’. तिसऱ्या स्तंभात चौथ्या व पाचव्या ओळीत मिळून ‘तप’ आहे, तर सातव्या स्तंभात पाचव्या व सहाव्या ओळीत मिळून ‘तह’ आहे. या शेवटच्या होडीच्या खालच्या घरात ‘म’ छापला आहे, आणि संपूर्ण कोड्यात आयते मिळालेले अक्षर एवढे एकच. बाकीच्या होड्या तूर्त लिहीत नाही.

कोड्याखाली दोन वाक्ये दिली आहेत: ‘सुरमई आणि मांदेली यांचे जुने वैर असल्याने त्या कधीही शेजारी बसत नाहीत. नवरी पापलेट मानाने मध्ये बसली आहे.’ यांतील नियम कोणता आणि सजावट कोणती? ‘मध्ये’ म्हणजे कोड्याच्या अगदी मधल्या घरात का? आणि एका छापील अक्षरावर हे कोडे एकाच उत्तराने सुटणे मुळात शक्य आहे का?

केळशीकर

कोडे सुटण्यासारखे आहे, आणि ज्याने रचले त्याचा हात चांगला बसलेला दिसतो. माझा सल्ला एवढाच की घरांकडे सध्या पाहूच नये. हे आधी अक्षरांचे गणित आहे आणि नंतर सुडोकू. नऊही अक्षरे फुटल्याशिवाय पेन्सिलीने घराघरांत शक्यता मांडत बसलात, तर कागद काळा होण्यापलीकडे काही साधणार नाही.

दोन वेगवेगळ्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १७ होते. ‘तप’ आणि ‘तह’ या दोन घरांच्या होड्यांची बेरीज दोन अक्षरी आहे, म्हणून त = १. हेन्री ड्युडनी यांच्या १९२४ सालच्या ‘सेंड अधिक मोअर बरोबर मनी’ या अक्षरी बेरजेच्या प्रसिद्ध कोड्यातही उत्तराचे पहिले अक्षर असेच, दुसरा पर्याय न उरल्याने, १ ठरते.

तीन घरांची बेरीज २४ च्या पुढे जात नाही. ‘बर’ची सुरुवात त ने नाही, म्हणून ब = २. शून्यासाठी अक्षरच नाही, २१ असते तर ‘बत’ लिहावे लागले असते आणि २२ असते तर ‘बब’, तेव्हा ‘बर’ म्हणजे २३ किंवा २४. आता तळाकडे या. पाच घरांची कमाल बेरीज ३५, त्यामुळे ‘रश’मधला र ४ असू शकत नाही. र = ३ झाला, ‘बर’ २३ ठरली, आणि श साठी ४ किंवा ५ एवढेच उरले.

यानंतरची पायरी मला या कोड्यातली सर्वांत सुंदर वाटते. कोणत्याही ओळीची बेरीज ४५ असते आणि तळाची ओळ तीन होड्यांनी पूर्ण भरली आहे. म्हणजे ३० + श, अधिक श, अधिक क, यांची बेरीज ४५. अर्थात दोन श आणि एक क मिळून १५. श जर ५ मानला तर क सुद्धा ५ होतो, आणि दोन अक्षरांना एक अंक चालत नाही. म्हणून श = ४ आणि क = ७. तोच न्याय वरच्या ओळीला लावा: २३ अधिक १४ अधिक म बरोबर ४५, म्हणजे म = ८. एकही घर न भरता सहा अक्षरे हाती आली.

उरले ५, ६ आणि ९. दोन घरांच्या होडीत १९ मावत नाही, त्यामुळे प आणि ह यांपैकी कोणीही ९ नाही, सुरमईच ९. छापलेला म येथे उपयोगी पडतो. ‘तह’ १६ असती तर ८ च्या जोडीला पुन्हा ८ हवा झाला असता. म्हणून ह = ५, प = ६, आणि छापील म च्या वरच्या घरात क.

खाडीकाठ

वरील मांडणी मी स्वतंत्रपणे ताडून पाहिली, ती बरोबर आहे. शेवटच्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो, कारण ही शंका अनेकांना येते.

साध्या सुडोकूचे उत्तर एकच यायचे असेल तर किमान १७ घरे दिलेली असावी लागतात, हे गॅरी मॅग्वायर यांच्या डब्लिनमधील गटाने २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. बेरजा नसलेल्या साध्या अक्षरी सुडोकूत आणखी एक अट येते. दिलेल्या घरांत किमान आठ वेगवेगळी अक्षरे दिसली पाहिजेत, अन्यथा न दिसलेल्या कोणत्याही दोन अक्षरांची सरसकट अदलाबदल केली की दुसरे उत्तर तयार होते. या दोन्ही अटी दर्यातल्या लग्नाला लागू नाहीत. येथे होड्यांच्या बेरजा हीच माहिती आहे आणि ती भरपूर आहे. बेरजांच्या सुडोकूत एकही घर भरलेले नसणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा रचनाकाराने एक म छापला हे त्याचे औदार्य समजावे. अर्थात उत्तर एकच आहे की नाही, हे बाकीच्या होड्या पाहिल्याखेरीज मी छातीठोकपणे सांगणार नाही.

एका बाबतीत मात्र केळशीकरांशी माझा किंचित मतभेद आहे. ‘घरांकडे पाहूच नये’ हा सल्ला या कोड्यापुरता ठीक आहे, कारण वरची आणि तळाची ओळ होड्यांनी नेमकी भरली आहे. होड्या दोन ओळींत वाकड्यातिकड्या पसरलेल्या असत्या, तर ४५ चा हिशेब असा सरळ बसला नसता, आणि अक्षरे व घरे यांवर आलटून पालटून काम करावे लागले असते.

वेंगुर्लेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अक्षरे कागदाच्या कडेला लिहून घेतली. त्या दोन वाक्यांचा उलगडा मात्र अजून झाला नाही. शेजार तिरका धरायचा की नाही, हेही कोणी सांगावे.

दाभोळची आत्या

वेंगुर्लेकर, वैराचे वाक्य हा नियम आहे. कोड्यांच्या प्रघाताप्रमाणे, वेगळे काही लिहिलेले नसेल तर शेजार म्हणजे एक बाजू सामाईक असणे. नुसता कोपरा लागला तर तो शेजार नव्हे. फलक लावणाऱ्यांना एकदा विचारून घ्यावे, पण मी पुढे जे लिहिते आहे ते दोन्ही अर्थांनी टिकते.

नवरीचे वाक्य नियम नाही. ‘बर’ होडीची बेरीज २३, आणि तीन वेगवेगळ्या अंकांनी २३ फक्त ६, ८, ९ यांनीच होतात. म्हणजे होडीत पापलेट, मांदेली आणि सुरमई. तिन्ही घरे एका रांगेत, दोघींचे वैर, तेव्हा मध्ये बसायला पापलेटच उरते. ते वाक्य नसते तरी वरच्या ओळीच्या दुसऱ्या घरात प आलाच असता; रचनाकाराने निष्कर्षच गोष्टीत गुंफून दिला आहे, आणि मला हा खोडकरपणा आवडला. कोड्याच्या मधल्या घराशी त्याचा काही संबंध नाही, तेथे प गृहीत धरू नये.

आता घरे भरायला घ्यावीत. ‘तप’ म्हणजे १६, आणि तो ७ व ९ यांनीच होतो, म्हणून त्या होडीत क आणि स. पाचव्या ओळीत सातव्या घरी क आधीच आला आहे, त्यामुळे त्याच ओळीतल्या तिसऱ्या घरात स, आणि त्याच्या वर, चौथ्या ओळीत, क. तिसऱ्या स्तंभाला सुरमई मिळाली, म्हणून वरच्या ओळीचे तिसरे घर मांदेलीचे आणि पहिले सुरमईचे: स, प, म.

तळाची ‘रश’ म्हणजे ३४, आणि पाच वेगवेगळ्या अंकांनी ३४ होण्याचा मार्ग एकच: ४, ६, ७, ८, ९. त्या ओळीत उरलेल्या १, २, ३, ५ पैकी ‘श’ होडीत त आणि र, ‘क’ होडीत ब आणि ह. क्रम अजून ठरत नाही. तिसऱ्या स्तंभात क, स, म हे तिघेही येऊन गेले असल्याने तळाच्या तिसऱ्या घरात श किंवा प यांपैकी एकच बसू शकतो. पहिल्या घरात स नाही, दुसऱ्यात प नाही. एवढ्यावर डाव्या बाजूचे तळचे चौकोन हलायला हरकत नसावी. त्या भागातील होड्या येथे लिहिल्या तर पुढचे एकत्र पाहू.