स्पिंडल चालू केलं की मशीन मध्येच थांबतंय (अलार्म 1)

मागफिटर_सोलापूर
नमस्कार मंडळी. टॉवेलच्या मागांवर फिटर आहे, रात्रपाळी. विडी घरकुलात घराच्या मागच्या खोलीत छोटं सीएनसी मिलिंग बसवलंय. 600 बाय 400 मिलीचं टेबल, पाण्यावर थंड होणारा 1.5 किलोवॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), सिंगल फेजवरचा व्हीएफडी (त्या मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह), कंट्रोलर जीआरबीएलचा (मशीन हलवणारा प्रोग्रॅम). मागाचे नायलॉनचे बुश आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घरीच काढायच्या म्हणून दोन वर्षं पैसे साठवून घेतलंय.

डिसेंबरात झकास चाललं. मार्चपासून काम अर्ध्यावर आलं की अलार्म 1 येतो, म्हणजे लिमिट स्विच (टेबल टोकाला आलं की मशीन थांबवणारा) दाबला गेला म्हणे. टेबल तर स्विचपासून वीतभर लांब असतं. स्पिंडल बंद ठेवून तीच फाईल हवेत फिरवली तर तासभर काही होत नाही. काल 12 मिलीची प्लेट शेवटच्या पॉकेटला (खोलगट खाचेला) वाया गेली, जीव हळहळला. स्विच तीनदा बदलले. आता बोर्ड बदलू का?

पेठेतला_राउटर
जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये डॉलर 21 ($21) ला शून्य द्या, हार्ड लिमिट, म्हणजे स्विच लागला की थांबणं, बंद होतं. मी तसंच चालवतो.

जुना_टूलरूमवाला
मालक, तसं अजिबात करू नका. एखाद्या दिवशी फाईल चुकली की टेबल टोकाला जाऊन आदळेल. कपलिंग सुटेल नाहीतर स्क्रू वाकेल. बोर्डही बदलू नका.

स्पिंडल फिरतानाच अलार्म येतो, हे तुम्ही स्वतःच शोधलंय. व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतो-जोडतो. त्यातून होणारा विजेचा गोंधळ, म्हणजे नॉईज, शेजारच्या स्विचच्या वायरीत शिरतो आणि बोर्डाला वाटतं स्विच लागला. पण डिसेंबरात चाललं आणि मार्चला बिघडलं, हे मला जास्त खटकतंय. घराचा अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? आपल्या उन्हात माती सुकते आणि अर्थ कमजोर होतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी तिकडं बघा. वायरमनला बोलवा. स्वतः न्यूट्रलला अर्थ जोडायचा उद्योग करू नका, त्यात माणूस जातो.

दुसरं, स्पिंडलच्या प्लगला अर्थसाठी चौथी पिन असते. स्वस्त स्पिंडलमध्ये ती आतून बॉडीला जोडलेलीच नसते. सप्लाय काढून पिन आणि बॉडीमध्ये कंटिन्युइटी (जोड आहे का ते) मीटरनं बघा. स्पिंडलची केबल शिल्डेड (धातूच्या जाळीच्या आवरणाची) घ्या, स्विचच्या वायरींपासून लांब न्या. स्विच एनसीला (न दाबता जोडलेला राहणारा संपर्क) जोडा, आणि जीआरबीएलला ते कळावं म्हणून डॉलर 5 ला 1 द्या. शिवाय स्विचच्या सिग्नल आणि ग्राउंडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

मागफिटर_सोलापूर
काका, मीटर लावलं. 11 व्होल्ट! वायरमन आला, खड्डा मोरीच्या मागं निघाला, माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. क्लॅम्पचा नट गंजून ढिला झालेला. नवा क्लॅम्प, कोळसा-मीठ टाकून पाणी सोडलं. आता दीड व्होल्टच्या आत आहे.

चौथी पिन बॉडीला जोडलेली नव्हतीच. स्पिंडलच्या बॉडीवरच्या स्क्रूला लग लावून वेगळी अर्थ वायर व्हीएफडीपर्यंत आणली. एवढे दिवस आठवीतली पोरगी त्या मशीनशेजारी अभ्यासाला बसत होती, ते आठवून अंगावर काटा आला. शिल्डेड केबल आणि कपॅसिटर रविवारी.

पेठेतला_राउटर
मीही पिन तपासली, माझीही मोकळीच निघाली. आजच जोडतो. डॉलर 21 पण परत 1 केलं. पण काका, आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, खड्ड्यात काय ओतायचं?

जुना_टूलरूमवाला
आरओचं वाया जाणारं पाणी. चैत्र ते मृग, दर दोन-तीन दिवसांनी एक बादली. मी बेसिनखालून नळीच सोडलीय.

मागफिटर_सोलापूर
केबल बदलली, स्विच एनसीला जोडले, कपॅसिटर लावले. तीच फाईल, नवी प्लेट, दीड तास, एकदाही थांबलं नाही. पट्टी कॅलिपरनं मोजली, भोकांमधल्या अंतरातला फरक 0.04 मिलीच्या आत आहे. उद्या रात्री मागावर बसवतो.