विषय: पुन्हा: पुन्हा: 19 जानेवारीचं हळदीकुंकू आणि 40 दिवस

प्रेषक: मीनल (सचिव)
गुरुवार, 4 जानेवारी 2024, सकाळी 9.10

नमस्कार मंडळी,
ऑफिसातून घाईत लिहितेय. सालमियाच्या हॉलवाल्याचा आत्ता फोन आला होता. 19 तारखेला स्पीकर, गाणी, बाहेर बॅनर यातलं काहीही चालणार नाही म्हणतो, कारण कुवेतचे अमीर (राजे) शेख नवाफ गेल्याचा 40 दिवसांचा दुखवटा. अनामत परत देणार नाही, पण तारीख एकदा बदलून देईल. त्याच्याकडे मोकळे शुक्रवार दोनच आहेत, 26 जानेवारी आणि 16 फेब्रुवारी. रविवारी सकाळी त्याला कळवायचंय.
ते गेले तो दिवस, 16 डिसेंबर, धरून मोजलं तर चाळिसावा दिवस बुधवारी, 24 ला येतो. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. कोजागिरीच्या वेळेसारखे साठ मेल नकोत, प्लीज.

प्रेषक: नाना, फहाहील
गुरुवार, सकाळी 11.45

मीनल,
नक्की माहीत असलेला बहुधा मीच उरलोय. 2006 ला अमीर शेख जाबिर गेले ते 15 जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तीळगूळ वाटायचा राहिलेला होता. तेव्हाही 40 दिवसच होते, म्हणजे 23 फेब्रुवारीपर्यंत. रथसप्तमी त्यातच गेली. त्या वर्षी मंडळाचं हळदीकुंकू झालं नाही, बायकांनी घरोघरी केलं. मी अध्यक्ष होतो, माझ्यावर केवढं तोंडसुख घेतलं गेलं ते जुन्या लोकांना आठवत असेल.
आणि तेव्हा प्रश्न नुसत्या दुखवट्याचा नव्हता. नवे अमीर शेख साद इतके आजारी की दफनविधीला चाकाच्या खुर्चीतून आणले होते. घटनेतली अमिराची शपथ म्हणजे एकच वाक्य, पण तेवढंही त्यांना संसदेत म्हणता येईल की नाही अशी शंका. नऊ दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. शेवटी 24 तारखेला संसदेने मत घेऊन त्यांना बाजूला केलं. त्यांचं पदत्यागाचं पत्र पोचलं, पण मतदान झाल्यावर. मग 29 ला शेख सबाह यांची शपथ. आमचा इजिप्शियन हिशेबनीस म्हणाला होता, आमच्याकडे असं काही झालं असतं तर रस्त्यावर रणगाडे दिसले असते.
तेव्हा माझं मत 16 फेब्रुवारी.

प्रेषक: प्रसाद, मंगाफ
गुरुवार, दुपारी 1.20

नाना, आदर ठेवून सांगतो, 2006 आणि आज यात फरक आहे. सरकारी कार्यालयं तीन दिवस बंद होती, ती उघडून दोन आठवडे झाले. मॉल चालू आहेत. 19 लाच करू, स्पीकर न लावता.
आणि संसदेचं म्हणाल तर गादीवर कोण बसणार हे बाहेरच ठरतं हो. 18 डिसेंबरला सांत्वनाला कोण आलं बघा. लंडनहून प्रिन्स विल्यम, वॉशिंग्टनहून परराष्ट्रमंत्री नाही, थेट संरक्षणमंत्री ऑस्टिन. पैसा 1953 पासून लंडनच्या गुंतवणूक कार्यालयात, अमेरिकेची फौज इथल्या आरिफजानच्या तळावर. आज पंतप्रधान नेमले तेही हार्वर्डचे डॉक्टरेट. अजून काय पाहिजे?

प्रेषक: सुलभावहिनी (महिला समिती)
गुरुवार, दुपारी 3.05

तारखेबद्दल महिला समितीला कोणी विचारलंय का? हळदीकुंकू आमचं, आणि चर्चा चाललीय प्रिन्स विल्यमची.
प्रसाद, स्पीकरशिवाय दोनशे बायकांना उखाणे ऐकू कसे येणार ते तू सांग. आणि ज्या देशात आपण पोट भरतो तिथला राजा गेलाय. आपण सुतक पाळतो ना? त्यांचे 40 दिवस हे त्यांचं सुतक समज. भारत सरकारनेही 17 डिसेंबरला एक दिवसाचा दुखवटा पाळला, हरदीपसिंग पुरी इथे येऊन गेले. मग आपण कोण लागून गेलो? 19 बाद.
26 चालेल, पण सकाळी दूतावासात झेंडावंदन असतं आणि तिथे मुलांची गाणी बसवणाऱ्या सगळ्या माझ्याच समितीतल्या. त्याच बायका संध्याकाळी तबक घेऊन उभ्या राहणार का?

प्रेषक: अहमदीचे देसाईकाका
गुरुवार, रात्री 10.30

प्रसाद यांचं एक वाक्य खटकलं म्हणून लिहितो. तारखेबद्दल मला मत नाही.
इथल्या राजघराण्याचा क्रम पाहा. शेख मुबारक यांनी 1896 मध्ये आपल्या दोन सावत्र भावांना मारून सत्ता घेतली. इंग्रज साहेब त्यात कुठेच नव्हता. तीन वर्षांनी, 23 जानेवारी 1899 ला, तुर्कांची आणि परागंदा पुतण्यांची भीती होती म्हणून मुबारकच इंग्रजांकडे गेले. आपल्या संमतीवाचून कोणाला जमीन द्यायची नाही, परक्या सरकारचा प्रतिनिधी ठेवून घ्यायचा नाही, ही इंग्रजांची अट. बदल्यात पाठिंबा आणि 15,000 रुपये. हो, रुपयेच, कारण आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता.
म्हणजे गादी आधी, साहेब नंतर. पुढेही तेच. 19 जून 1961 ला स्वातंत्र्य मिळालं, सहा दिवसांत इराकचा पंतप्रधान कासिम याने कुवेतवर हक्क सांगितला आणि 1 जुलैला ब्रिटिश फौज उतरली. 1990-91 ला इराक घुसला तेव्हा अमेरिका. गादीवर कोणी बसायचं हे पश्चिमेने सांगितलं नाही, बसलेल्याला उठवू दिलं नाही एवढंच. याची किंमत मोजावी लागली, ते वेगळं. 1934 च्या करारात तेलाचा हक्क अँग्लो-पर्शियन आणि गल्फ ऑइल यांना निम्मा निम्मा गेला. बुरगानला तेल 1938 ला लागलं, युद्धामुळे पहिलं जहाज 1946 ला निघालं आणि तेल कंपनी पूर्ण कुवेतची झाली ती 1975 ला. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक अजून अहमदीच्या बंगल्यांना इंग्रज साहेबांच्या नावाने ओळखत.
वारस मात्र घरातला आणि 1962 च्या घटनेप्रमाणे मुबारकांच्याच वंशातला. नव्या अमिराने वर्षाच्या आत युवराज नेमायचा आणि संसदेने त्याला संमती द्यायची. पूर्वी मुबारकांच्या दोन मुलांच्या, सालिम आणि जाबिर यांच्या, शाखा आलटून पालटून येत. 2006 ला ते मोडलं. शेख जाबिर, सबाह, नवाफ आणि आताचे मिशाल हे चौघे एकाच बापाचे, अहमद अल-जाबिर यांचे मुलगे. शेख मिशाल 83 वर्षांचे आहेत. आता प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा, आणि तो सुटायचा तर इथल्या दिवाणखान्यांतच सुटेल. आजचे पंतप्रधान सालिम शाखेचे आहेत, हे प्रसाद यांच्या नजरेतून सुटलं. हार्वर्ड तेवढं दिसलं.

प्रेषक: प्रसाद, मंगाफ
शुक्रवार, 5 जानेवारी, सकाळी 8.15

काका, उठवू न देणं म्हणजेच ठरवणं नाही का? असो. शेख सबाह 2020 ला गेले तेही अमेरिकेतच, मिनेसोटात उपचार चालू असताना. युवराज कोण होणार यावर माझा अंदाज असा की

प्रेषक: अनिकेत (यादी व्यवस्थापक)
शुक्रवार, सकाळी 8.40

प्रसादचा मेल मी मध्येच कापून टाकलाय, राग मानू नये. युवराज कोण वगैरे अंदाज या यादीवर नकोत. अमिरांच्या पदाला इथे घटनेचं संरक्षण आहे, आणि आपले मेल कुठे कुठे फॉरवर्ड होतात ते कोणालाच माहीत नाही. रेसिडेन्सी सगळ्यांना प्यारी आहे. इतिहास चालेल, भविष्य नको.

प्रेषक: नाना, फहाहील
शुक्रवार, सकाळी 9.30

देसाई, रुपयांचा विषय काढलात म्हणून. 1961 ला दिनार येईपर्यंत इथे आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात तो भरमसाट परत यायला लागला म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. दिनार आला तेव्हा भाव 13 रुपये 33 पैसे होता. आजचा भाव बघून रडू येतं, की हसू, ते पैसे गावी पाठवणाऱ्याने ठरवावं. माझ्याकडे अशी एक लाल दहाची नोट आहे. हळदीकुंकवाला प्रदर्शनात ठेवू का?

प्रेषक: सुलभावहिनी
शुक्रवार, सकाळी 10.10

नाना, प्रदर्शन नको. मागच्या वेळी तुमची नाणी मोजत आम्ही साडेअकरापर्यंत बसलो होतो.

प्रेषक: मीनल (सचिव)
शुक्रवार, दुपारी 4.00

सतरा मेल झाले आणि हॉलला काय सांगायचं ते अजून कळलं नाही. अकरा जण 16 ला, चार जण 26 ला, प्रसाद 19 ला.
16 फेब्रुवारीला रथसप्तमी आहे, शुक्रवारही आहे. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, पण चालतो. 40 दिवस कुठूनही मोजा, तोवर संपलेलेच असतात. 25 आणि 26 फेब्रुवारीच्या सुट्टीला जोडून कोणी भारतात जाणार असेल तर तेही सोळाला इथेच असतील. मी 16 कळवतेय. बोरन्हाणाला यंदा चार मुलं आहेत, हलव्याचे दागिने मुंबईहून कोण आणतंय?

प्रेषक: सुलभावहिनी
शुक्रवार, दुपारी 4.25

चालेल. दागिने माझी भाची आणतेय, 20 ला येतेय ती. पण पितळी तबकं आणि करंडे कुठे आहेत? 90 च्या ऑगस्टमध्ये सालमियाच्या फ्लॅटमध्ये टाकून आम्ही अम्मानमार्गे मुंबई गाठली. परत आल्यावर त्या ढिगातून मिळाली ती सहाच तबकं. कपाटाची किल्ली मागच्या कार्यकारिणीने कोणाकडे दिली? नाना, तुमच्याकडे असेल तर कृपया फक्त किल्लीबद्दल लिहा.

प्रेषक: नाना, फहाहील
शुक्रवार, संध्याकाळी 6.50

किल्ली देसाईंकडे आहे. 2011 पासून.