सिकल सेल आणि स्टेम सेल संशोधनाचा कल मोजताय? दोन डेटाबेसचे आकडे का जुळत नाहीत

लाल_पेशी

सिकल सेल आजारातलं स्टेम सेल प्रत्यारोपण आणि जनुकोपचार, 2005 ते 2024, असा बिब्लिओमेट्रिक (प्रकाशित पेपर आणि त्यांचे संदर्भ मोजणारा) अभ्यास करायचा आहे. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे पेपरांचे दोन्ही डेटाबेस हाताशी आहेत, नकाशे व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये काढणार. तीन ठिकाणी अडलंय. एकच शोध दोन्हीकडे टाकला तर वेब ऑफ सायन्सचा आकडा फारच मोठा येतो. कीवर्डच्या नकाशात यकृताचा फायब्रोसिस आणि हृदयविकार यांचे पुंजके दिसतात, ते कुठून आले कळत नाही. शिवाय मार्गदर्शकांनी जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार पेपरांची प्रतवारी करायला सांगितली आहे. ती टिकेल का?

ग्रंथालय_कट्टा

आकड्यापासून सुरुवात करू. वेब ऑफ सायन्समध्ये डाव्या बाजूला 'डॉक्युमेंट टाइप' उघडा आणि मीटिंग ॲब्स्ट्रॅक्ट किती आहेत ते बघा. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीचं अधिवेशन डिसेंबरात भरतं आणि तिथले हजारो ॲब्स्ट्रॅक्ट 'ब्लड' या जर्नलच्या नोव्हेंबरच्या पुरवणीत छापले जातात. वेब ऑफ सायन्स त्या प्रत्येकाची वेगळी नोंद करतं. स्कोपस असे सुटे ॲब्स्ट्रॅक्ट घेत नाही. तुमचा फरक बहुतेक तिथेच आहे. रक्तविज्ञानात हे नीट पाहिलं नाही तर एकच काम आधी ॲब्स्ट्रॅक्ट म्हणून आणि दोन वर्षांनी पेपर म्हणून, असं दोनदा मोजलं जातं आणि आलेख उगाचच चढा दिसतो. फक्त आर्टिकल आणि रिव्ह्यू ठेवा, आणि गाळलेले ॲब्स्ट्रॅक्ट किती होते ते पद्धतीच्या भागात लिहा.

वेब ऑफ सायन्समधून नोंदी उतरवून घेताना 'फुल रेकॉर्ड अँड साइटेड रेफरन्सेस' निवडा. त्यात एका वेळी 500 नोंदीच मिळतात, म्हणून 1 ते 500, 501 ते 1000 असे तुकडे करावे लागतात. संदर्भ सोडले तर 1000 मिळतात, पण मग को-सायटेशनचा (कोणते पेपर एकत्र उद्धृत होतात त्याचा) नकाशा निघत नाही, आणि हे लक्षात येईपर्यंत बरंच काम होऊन गेलेलं असतं. सगळे तुकडे एकाच दिवशी उतरवा, तारीख लिहून ठेवा. सायटेशनचे आकडे रोज बदलतात.

दोन्ही डेटाबेस एकत्र करायचे असतील तर डीओआय (प्रत्येक पेपराचा कायमचा ओळखक्रमांक) लहान इंग्रजी अक्षरांत आणून त्याच्या सुरुवातीचा वेबपत्ता काढून टाका आणि मग जुळवा. डीओआय नसलेल्या नोंदी शीर्षक आणि वर्षावरून जुळवा. एकत्र केलेल्या फाइलवर को-सायटेशन मात्र करू नका. दोघांची संदर्भ लिहिण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एकच पेपर दोन ठिपके होऊन बसतो.

वर्षाचाही घोळ होतो. सिकल सेल आणि थॅलॅसेमियावरचा क्रिस्परचा (जनुक कापण्याच्या तंत्राचा) गाजलेला पेपर न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ऑनलाइन आला डिसेंबर 2020 मध्ये, छापील अंकात जानेवारी 2021 मध्ये. कुठलं वर्ष धरणार ते आधी ठरवा आणि सगळ्या नोंदींना तोच नियम लावा. शेवटच्या वर्षाचा आलेख खाली आला म्हणून 'संशोधन मंदावलं' असं लिहू नका. नोंदी चढायला वेळ लागतो, इतकंच.

अस्थिमज्जा

पुंजक्यांचं कारण संक्षेप. एचएससी म्हणजे तुमच्यासाठी रक्तनिर्मितीच्या मूलपेशी, पण यकृतवाल्यांसाठी हिपॅटिक स्टेलेट सेल, आणि फायब्रोसिसच्या पेपरांत त्याच असतात. एससीडी म्हणजे सिकल सेल डिसीज, तसंच सडन कार्डियाक डेथही. एचसीटी तर तीन वाटांनी येतो: प्रत्यारोपण, हिमॅटोक्रिट, आणि आतड्याच्या कर्करोगाची एचसीटी-116 ही पेशीमाला. शोधात नुसता संक्षेप कधीच टाकू नका, पूर्ण शब्दच टाका. 'हिमॅटोपोएटिक'चं अमेरिकन आणि ब्रिटिश, दोन्ही स्पेलिंग 'ऑर'ने जोडा. ॲनिमिया आणि थॅलॅसेमियाचंही तसंच. 'बोन मॅरो ट्रान्सप्लांटेशन' विसरू नका, जुने पेपर त्याच नावाने आहेत.

दुसरी बाजूही बघा. फक्त 'जीन थेरपी' शोधलंत तर या उपचाराचं मूळच निसटेल. बीसीएल11ए हे जनुक गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतं, हे 2008 मध्ये पुढे आलं. त्या पेपरांत उपचार हा शब्द शीर्षकात असेलच असं नाही. पण डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली क्रिस्परची उपचारपद्धती याच जनुकाच्या नियंत्रक भागाला कात्री लावते. म्हणून 'बीसीएल11ए' आणि 'फीटल हिमोग्लोबिन' हे शब्द शोधात हवेतच.

नकाशाआधी थिसॉरस फाइल (एकाच अर्थाचे शब्द एका नावाखाली आणणारी यादी) करा. साधी टॅबने विभागलेली मजकुराची फाइल, दोन स्तंभ, शीर्षकं 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय', इंग्रजीतच आणि जशीच्या तशी.  कीवर्ड लेखकांचे घ्या. वेब ऑफ सायन्समधलं 'कीवर्ड्स प्लस' हे संदर्भयादीतल्या शीर्षकांतून यंत्र काढतं, त्यामुळे ते मागच्या काळाचे शब्द दाखवतं. नवा कल शोधायचा असेल तर ते दिशाभूल करतं.

मूलपेशींच्या बाबतीत एक सावधगिरी. 'मेझेंकायमल स्टेम सेल' आणि 'मेझेंकायमल स्ट्रोमल सेल' थिसॉरसमध्ये डोळे मिटून एक करू नका. 2006 च्या किमान निकषांनी (सीडी73, सीडी90, सीडी105 या पृष्ठभागावरच्या खुणा 95 टक्के किंवा त्याहून जास्त पेशींवर, सीडी45, सीडी34 वगैरे 2 टक्के किंवा कमी) पेशींची ओळख ठरवून दिली, पण 'स्टेम' की 'स्ट्रोमल' हा वाद आजही आहे, आणि तुमच्या आलेखात तो वाद दिसणं हाच एक निष्कर्ष आहे.

भारतीय संस्था मोजणार असाल तर पत्ते हाताने तपासा. परळच्या 'केईएम'च्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिच्या नावाची चार-पाच रूपं सापडतील. शिवाय केईएम पुण्यातही आहे. शहर न बघता जोडलंत तर दोन वेगळी रुग्णालयं एक होतील.

सायटेशन_मोजणी

इम्पॅक्ट फॅक्टरनुसार पेपरांची प्रतवारी टिकणार नाही, हे मार्गदर्शकांना आकड्यात दाखवा. 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे 2022 आणि 2023 मधल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतली आर्टिकल आणि रिव्ह्यूंची संख्या. समजा जर्नलमध्ये दोन वर्षांत 300 पेपर आले. 299 पेपरांना सरासरी 4 प्रमाणे 1196 सायटेशन, आणि एका मार्गदर्शक तत्त्वांच्या पेपराला 904. बेरीज 2100, इम्पॅक्ट फॅक्टर 7. तो एक पेपर काढा, उरले 4. बाकीच्या 299 जणांचं काम तसूभरही बदललेलं नाही.

रक्तविज्ञानात हे कायम घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्तकर्करोग वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीवरचे पेपर 2022 मध्ये 'ल्युकेमिया' या जर्नलमध्ये आले, त्याला समांतर असलेलं आंतरराष्ट्रीय एकमताचं वर्गीकरण त्याच वर्षी 'ब्लड'मध्ये. असे पेपर लिम्फोमा-ल्युकेमियावर लिहिणारा जवळपास प्रत्येकजण उद्धृत करतो. त्यांचा भार 2023 आणि 2024 च्या इम्पॅक्ट फॅक्टरात येतो, 2025 मध्ये दोन वर्षांच्या खिडकीबाहेर जातो. जर्नल घसरलं असं वाटतं, पण फक्त खिडकी सरकलेली असते.

पेपर तोलायचाच असेल तर 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' वापरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आयसाइटवर पबमेड क्रमांक टाकले की फुकट मिळतो. तो त्याच क्षेत्रातल्या पेपरांशी तुलना करतो, 1 म्हणजे त्या संस्थेच्या अनुदानातून झालेल्या पेपरांचा मध्य. अगदी ताज्या पेपरांसाठी तोही भरवशाचा नाही.

आणि कुठलंही मोजमाप असो, जुन्या शोधांना ते न्याय देत नाही. मुंबईत सापडलेला बॉम्बे रक्तगट 1952 मध्ये 'लॅन्सेट'मधल्या छोट्या टिपणातून जगापुढे आला. 'ओ' दिसणाऱ्या रक्तात अँटी-एच (या गटाची खूण असलेलं प्रतिपिंड) आहे का, हे रक्तपेढीत आजही तपासतात, पण ते तपासताना कुणी ते टिपण उद्धृत करत नाही. शोध पाठ्यपुस्तकात मुरला की सायटेशन थांबतं.

लाल_पेशी

ॲब्स्ट्रॅक्ट गाळल्यावर दोन्ही आकडे बरेच जवळ आले. धन्यवाद. मागे घेतलेले पेपर कोणत्या टप्प्यावर तपासायचे?

अस्थिमज्जा

दुहेरी नोंदी काढल्यावर, नकाशाआधी. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटा 2023 पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफमार्फत खुला आहे, डीओआय जुळवून बघा. तुमच्या नोंदींबरोबर त्यांच्या संदर्भयाद्याही तपासा. प्रौढ अस्थिमज्जेतल्या बहुगुणी पेशींवरचा 2002 चा 'नेचर'मधला पेपर चार हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला आणि 2024 मध्ये मागे घेतला गेला. को-सायटेशनच्या नकाशात तो ठळक ठिपका म्हणून येऊ शकतो. नकाशातून तो पुसू नका. वेगळ्या रंगात दाखवा आणि खाली मागे घेतल्याचं वर्ष लिहा.