निव्वळ संपत्तीचा एकूण आकडा: वेगवेगळ्या प्रकारच्या मालमत्तेचा हिशेब एकत्र कसा ठेवावा?

शून्यशिल्लक (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी माझ्या सगळ्या पैशाअडक्याचा हिशेब एका स्प्रेडशीटमध्ये ठेवत आहे. दोन बँक खाती, मुदत ठेवी, तीन म्युच्युअल फंड, नोकरीतून मिळालेले एका परदेशी कंपनीचे शेअर, थोडे सोने, थोडे बिटकॉइन, कर्ज चालू असलेले राहते घर आणि बहिणीला उसनी दिलेली एक रक्कम, असा सगळा पसारा आहे. शेअर, फंड आणि चलनाचे दर शीट आपोआप आणते, बाकीचे मी हाताने भरतो.

तळाशी येणारी बेरीज मात्र मला आता पटेनाशी झाली आहे. मागच्या महिन्यात एक ठेव मोडून ती रक्कम फंडात टाकली, तेव्हा बेरीज चार दिवस खाली गेली आणि मग पुन्हा वर आली. प्रत्यक्षात माझ्याजवळचे काहीच कमी-जास्त झाले नव्हते. त्याहून विचित्र म्हणजे गेल्या मार्चअखेरची बेरीज मी वहीत लिहून ठेवली होती आणि शीटमधली तीच ओळ आज वेगळाच आकडा दाखवते. जाणकारांनी आपली पद्धत सांगावी. घर आणि सोने कोणत्या किमतीला धरावे, हेही सांगितल्यास उपकार होतील.

ताळेबंद_रोज

दुसऱ्या तक्रारीचे उत्तर सोपे आहे आणि तिथे जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी ठेचकाळतो. आपल्या मार्चच्या ओळीत आकडा नाही, सूत्र आहे. ते सूत्र दर वेळी आजचा भाव आणते, म्हणून मार्चमधले फंडांचे युनिट (म्हणजे आपल्या नावावरचे हिस्से) आजच्या भावाने गुणले जातात आणि शीट उघडली की जुना इतिहास नव्याने लिहिला जातो. महिनाअखेरीस ती ओळ नक्कल करून त्याच जागी 'फक्त मूल्ये' या पर्यायाने चिकटवावी, म्हणजे सूत्र जाऊन आकडा गोठतो. जुन्या ओळी दुरुस्त करायच्या असतील, तर त्या तारखांचे भाव आणि खातेउतारे शोधून हाताने भरावे लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे.

पहिल्या तक्रारीचे मूळ असे, की ठेवीचे पैसे एका खात्यातून निघाले आणि युनिट जमा व्हायला काही दिवस लागले. त्या मधल्या काळात ती रक्कम आपल्या शीटमध्ये कुठेच नव्हती. मी यासाठी 'वाटेतले पैसे' नावाची एक ओळ ठेवली आहे: रक्कम निघाली की ती या ओळीत येते, आणि पोचली की ओळ शून्य होते. ही ओळ दोन आठवडे शून्यावर आली नाही, तर काहीतरी अडकले आहे असे मी समजतो. एकदा खाते क्रमांकातला एक अंक चुकल्यामुळे परत आलेली रक्कम मला अशीच सापडली. खरे तर ही द्विनोंदी पद्धतच आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठूनतरी निघते आणि कुठेतरी पोचते. ज्यांना ती शिस्तीने पाळायची आहे, त्यांच्यासाठी ग्नूकॅशसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. पण आपल्याइतक्या पसाऱ्याला शीट पुरेशी आहे.

आणखी एक सुचवतो. प्रत्येक ओळीत नग, भाव आणि चलनाचा दर हे तीन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि किंमत त्यांच्या गुणाकारातून येऊ द्यावी. नुसती किंमत लिहिली, तर वाढ भावामुळे झाली की नगांमुळे, हे नंतर कळत नाही. बिटकॉइनचा बाजार कधीच बंद होत नाही, म्हणून त्याच्यासाठी दिवसातली एक वेळही ठरवून घ्यावी.

मुद्दलराव

घराबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. शेजारचे घर किती किमतीला गेले, हे ऐकून दर महिन्याला आपल्या घराची किंमत वाढवत बसणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय. मी वर्षातून एकदा, जवळपास प्रत्यक्षात झालेले व्यवहार पाहून एक किंमत ठरवतो, तिच्यातून विक्रीचा खर्च वजा करतो आणि वर्षभर ती बदलत नाही. कर्जाच्या बाजूला फक्त उरलेले मुद्दल धरावे. काही जण उरलेले सगळे हप्ते बेरजेला घेतात, तेही चूक आहे. त्यांत पुढच्या वर्षांचे व्याज असते आणि ते अजून आपले देणे झालेले नाही.

सोन्याचे दागिने असतील, तर वजन आणि शुद्धता वेगळी लिहावी. 50 ग्रॅमचा 22 कॅरेटचा दागिना म्हणजे शुद्ध सोने सुमारे 45.8 ग्रॅम, खडे असतील तर त्यांचे वजन आधी वजा करावे. घडणावळ हिशेबात मुळीच धरू नये, कारण ती विकताना परत मिळत नाही. आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसाला असतो आणि एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1035 ग्रॅम. स्वयंपाकाच्या मापांतला 28.35 ग्रॅमचा औंस धरला, तर किंमत जवळपास दहा टक्के फुगते.

नोकरीतून मिळणाऱ्या शेअरपैकी आपल्या नावावर खरोखर जमा झाले तेवढेच मोजावेत. पुढच्या वर्षी मिळणार असलेले शेअर आज आपले नाहीत, नोकरी सोडली तर ते बहुधा मिळतही नाहीत.

मी बेरजा दोन ठेवतो, एक सगळ्याची आणि दुसरी आठवडाभरात हातात येऊ शकेल तेवढ्याची. नोकरी सुटली तेव्हा मला उपयोगी पडली ती दुसरी.

शून्यशिल्लक

दोघांचेही आभार. मुद्दलराव, मी कर्जाचे सगळे हप्तेच धरत होतो. त्यामुळे माझी संपत्ती कित्येक वर्षे कमी दिसत होती, असे म्हणावे लागेल. काल शीट तपासताना आणखी एक घोळ सापडला. एक फंड मी स्वतःच्या ओळीत लिहिला होता आणि गुंतवणूक-खात्याच्या एकत्रित उताऱ्याच्या बेरजेतही तो आलेला होता, म्हणजे दोनदा मोजला जात होता.

एक शंका उरते. परदेशी शेअर चांगले वाढले असे बातम्या सांगतात, पण माझ्या शीटमध्ये वाढ किरकोळ दिसते. तिथेही काही चुकते आहे का?

रकानेवाला

बहुधा चुकत नाही, चलन उलटे गेले असावे. समजा आपल्याजवळ 10 शेअर आहेत, भाव परकीय चलनात 50 वरून 55 झाला आणि त्या चलनाचा दर आपल्या चलनात 8 वरून 7.60 वर आला. आधीची किंमत 4000 होती, आता 4180 आहे. भाव दहा टक्के वाढूनही आपल्याला साडेचार टक्केच मिळाले. जुन्या दराने भावाची वाढ 400 आणि नव्या भावावर चलनाची घट 220, असे दोन भाग केले की 180 चा मेळ बसतो. नग, भाव आणि दर वेगळे ठेवा असे वर सांगितले आहे, त्याचा उपयोग नेमका इथे होतो.

मी हीच फोड सगळ्या बेरजेची करतो. महिन्याच्या फरकातून आधी नवी बचत आणि फेडलेले मुद्दल बाजूला काढतो. उरते ते भाव आणि चलन यांचे. पहिल्या वर्षी माझी संपत्ती बरीच वाढली म्हणून मी खूष होतो, पण फोड केल्यावर दिसले की बचत आदल्या वर्षापेक्षा कमी झाली होती आणि बाजाराने ते झाकून टाकले होते.

बहिणीला दिलेल्या रकमेबद्दल कोणी बोलले नाही. ती परत कधी येणार हे ठरलेले असेल तर येण्यांत धरावी, नसेल तर नोंद ठेवून बेरजेत शून्य धरावी. परत आली की त्या महिन्यात ती वेगळी दाखवा, नाहीतर ती बचत म्हणून मोजली जाईल.

शून्यशिल्लक

काहीच ठरलेले नाही, म्हणून शून्य धरतो. शीट मात्र तिला दाखवणार नाही.