घराण्याचं पुस्तक स्वखर्चाने छापलं, आता ते विकायचंही नाही?

गिरणगावकर:
काल इथे एकाने लिहिलं की आज्या-पणज्यांचं पुस्तक पदरच्या पैशाने छापायचं आणि दर दोन दिवसांनी त्याची जाहिरात टाकायची हा निर्लज्जपणा आहे. प्रकाशक मिळत नसेल तर वही घरच्या कपाटात ठेवावी. टोला लालबागच्या ज्या लेखकाला होता त्याचं पुस्तक मी पूर्ण वाचलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

संगमेश्वराहून पणजोबा गिरणीत आले, तिथून संपानंतर घर मोडेपर्यंतची ही गोष्ट. यात सरदार नाही, आमदार नाही. असलं पुस्तक कोण प्रकाशक काढणार? काढलंच तर आधी विचारतो, 'तुम्ही किती प्रती उचलणार?' म्हणजे पैसे लेखकाचेच, फक्त नाव दुसऱ्याचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, दत्ता सामंत नेते होते, एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण त्या वर्षी कुणाच्या घरचा हंडा गहाण पडला, कोणाचा मुलगा बारावीत शाळा सोडून गोदीत हमालीला गेला, कोण चंबूगबाळं आवरून गावी परतलं, हे घरातल्या माणसाने लिहिलं तरच उरतं. आणि लिहिणाऱ्याने सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला कळणार कसं? त्याच्याकडे दुकान नाही, वितरक नाही. त्याने ओरडायचं नाही तर कोणी ओरडायचं?

दादर पश्चिम:
तो 'एकाने' म्हणजे मीच. लिहू नका असं मी म्हटलेलंच नाही. पण जाहिरात शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, एवढंच काय, एका ओळखीच्या बाई गेल्या त्या बातमीखाली श्रद्धांजली वाहून त्यांच्या मुलाला पुढच्याच ओळीत 'आमच्या पुस्तकात आईंचा उल्लेख आहे, प्रत हवी असल्यास कळवा'. याला काय म्हणायचं? आणि 'कुलबांधवांनी घेतलंच पाहिजे' हे कुठून आलं? आडनाव एक आहे म्हणून मी देणं लागतो का?

माझा राग जुना आहे. आमच्या कुळाचा वृत्तांत काढतो म्हणून एका मंडळाने आगाऊ पैसे घेतले, वडिलांचे मूळ फोटो घेतले. पुस्तक निघालं नाही, फोटोही परत आले नाहीत. वडिलांचा तरुणपणीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. तेव्हापासून 'कुलबांधव' ऐकलं की डोकं फिरतं.

मोडीवाचक:
जाहिरातीचं तुम्ही बघा. माझा आक्षेप पहिल्या प्रकरणावर आहे. पूर्वज महाराजांच्या सैन्यात होते, आधार काय, तर 'असे वडीलधारे सांगत'. मी मोडी वाचून देतो. लोक एक जीर्ण कागद घेऊन येतात आणि त्यात सनद आहे असंच वाचावं अशी अपेक्षा करतात. निघतो बहुतेकदा कर्जरोखा. तोही मोलाचा असतो, पण त्यांचा चेहरा पडतो.

पुण्याला पेशवे दफ्तर आहे, मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेख आहेत. तिथे काही मिळालं नाही तर तसं लिहावं. सामान्य घराचे कागद वेगळीकडे असतात: शाळेचं जनरल रजिस्टर, गावचे फेरफार, गिरणीचं हजेरी कार्ड, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. या वह्यांत कुणी कधी आलं, सोबत कोण होतं, मूळ गाव कोणतं हे लिहिलेलं सापडतं. या लेखकाने फेरफार काढलेत, हे मान्य. मग पहिलं प्रकरण छापायची काय गरज होती?

माहेरवाशीण:
मीही वाचलं. शेवटी घडीचा मोठा कागद आहे, वंशवृक्षाचा. चार पिढ्या, आणि एकही मुलगी नाही. सुनांचीसुद्धा फक्त सासरची नावं. पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं आजीच्या खाणावळीची आहेत. संपाच्या काळात तिने डबे करून घर चालवलं, म्हणून तर ही पिढी शिकली. ती आजी कोणाची लेक, कुठल्या गावची, पत्ता नाही. तिच्या तीन मुलींनी भाकऱ्या थापल्या हे प्रकरणात येतं, झाडावर त्या नाहीत.

कोकणी काका:
ताई, प्रत्येक ठिकाणी हा विषय आणायलाच हवा का? कुलवृत्तांत म्हणजे एका कुळाचा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते, तिचं नाव तिकडच्या पुस्तकात येतं. चित्पावन, कऱ्हाडे, सारस्वत, सीकेपी, सगळ्यांचे जुने वृत्तांत बहुतेक असेच आहेत. मुलींच्या शाखा घेतल्या तर कागद भिंतभर होईल.

माहेरवाशीण:
काका, तिकडचं पुस्तक निघालंच नाही तर? संगमेश्वरातल्या किती घरांचे वृत्तांत निघालेत? आणि शाखा कोण मागतंय, नाव तरी घाला.

आमच्या घरचं सांगते. आजोबा गेल्यावर सात-बाऱ्यावर वारसनोंद लागली तेव्हा तलाठ्याच्या कागदावर माझ्या सगळ्या आत्यांची नावं होती. मग हक्कसोडपत्रासाठी भावांनी एकेकीला शोधून काढलं. एक गुजरातेत होती, तिलाही गाठलं. कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात 1994 ला दिला, देशभरात 2005 ला. आत्यांनी तो सोडला, भाऊ दुरावू नयेत म्हणून सोडला. त्याच भावांनी पुढे गावच्या देवळात पूर्वजांची पाटी लावली. तिच्यावर एकाही आत्याचं नाव नाही. सही हवी असते तेव्हा मुली सापडतात, काका. पुस्तक छापताना का सापडत नाहीत?

कोकणी काका:
तुमच्या भावकीचा हिशेब या बिचाऱ्या लेखकाच्या माथी मारू नका.

माहेरवाशीण:
'बिचारा' म्हणू नका. पाचशे रुपये घेतोय, तर प्रश्न विचारणार.

गिरणगावकर:
विषय होता स्वखर्चाने छापलेलं पुस्तक विकावं की नाही. तो सोडून आपण जमिनीवर आलो. एक माणूस नोकरी सांभाळून, रजा काढून तलाठी कार्यालयात उभा राहिला, त्याला शाबासकी कोणी देणार आहे की नाही?

मोडीवाचक:
विषय सुटलेला नाही. संपादक असता तर वंशवृक्षाचा प्रश्न त्याने छपाईआधी विचारला असता. स्वतः छापण्यातली खरी उणीव तीच.

गिरणगावकर:
नावाजलेल्या मंडळांच्या वृत्तांतांना संपादक मंडळं होती, साहेब. मुली तिथेही गळाल्याच. काकांनी वर तेच सांगितलं.

लालबागचा लेखक:
वाचत होतो, राहवलं नाही. मी आत्यांना विचारलं होतं. थोरल्या आत्यांनी सांगितलं, माझं नाव छापू नकोस. त्यांचं पहिलं लग्न मोडलं होतं आणि त्यांच्या नातवंडांना ते ठाऊक नाही. एकीचं गाळून दोघींचं घातलं असतं तर लोकांनी लगेच विचारलं असतं, म्हणून तिन्ही गाळली. आजीच्या माहेरची माहिती द्यायला आता गावात कोणी नाही. तिच्या लग्नाची नोंद नाही, शाळेत ती गेली नाही, मग कुठल्या रजिस्टरात शोधू? सैन्याची गोष्ट वडिलांनी मरण्याआधी लिहायला लावली, ती मी काढणार नाही. मात्र 'कागदोपत्री आधार नाही' ही ओळ पुढच्या छपाईत घालीन.

श्रद्धांजलीखालच्या मजकुराबद्दल: त्या काकूंनी मला खाणावळीची निम्मी माहिती दिली होती. त्यांच्या मुलाला प्रत भेटच द्यायची होती.

दादर पश्चिम:
मग 'भेट' असं लिहायचं होतं. असो, मुलाला प्रत मिळाली असेल तर तो मुद्दा सोडतो. जाहिरातीचा सोडत नाही. एक विचारतो, प्रकाशकाने ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत द्यायची असा 1954 चा कायदा आहे, त्याप्रमाणे प्रती पाठवल्यात का? कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन, त्यातलं एक आपल्या मुंबईतच आहे. स्वतः प्रकाशक झालात तर ते कर्तव्यही तुमचंच. ग्रुपवर रोज टाकण्यापेक्षा तिथे गेलेली एक प्रत जास्त टिकेल. पाठवल्याची पावती दाखवा, मी माझी प्रत पैसे देऊन घेईन. कुलबांधव म्हणून नव्हे.

माहेरवाशीण:
लेखकदादा, आत्यांच्या नकाराचा मान ठेवलात, ते बरोबर. पण मग झाडाखाली एक ओळ हवी होती की या घरात तीन मुलीही होत्या, नावं त्यांच्या इच्छेवरून दिली नाहीत. कोरं सोडलंत तर नातवंडं समजतील की मुली झाल्याच नाहीत. आणि आजीसाठी त्र्यंबकची वही बघा. तुमचे पणजोबा सुनेला घेऊन गेले असतील तर सोबत कोण होतं ते तिथे असेल. मोडीत असेल तर वाचणारे इथेच बसलेत.

मोडीवाचक:
पानाचा फोटो स्वच्छ काढून पाठवा. वाचून देईन, पैसे नकोत. जे असेल तेच वाचीन.