घरातली कामं साठल्यात, हातात महिन्याला हजार-बाराशे, सुरुवात कुठनं करू?

पेठेतला_गडी

राम राम मंडळी. प्रश्न जरा लाजिरवाणा हाय, पण इथं तोंड दिसत नाही म्हणून विचारतोय.

शिवाजी पेठेत आमचं जुनं घर, खाली दोन खोल्या, वर माळा, त्यावर मंगलोरी कौलं. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर. दिवसभर शंभराव्या भागात माप धरायचं आणि घरी आलं की मोरीतला नळ आठ महिने झालं ठिबकतोय ते बघत हातपाय धुवायचे. हॉलमधला पंखा बटण दाबून फिरत नाही, काठीनं ढकलावा लागतोय, पोरगं पाहुण्यांसमोर ढकलून दाखवतंय. फ्लशची टाकी रात्रभर सूं सूं करते, गॅसचा एक बर्नर पिवळा जळतोय, कपाटाचं दार बिजागरीतनं सुटलंय, भिंतीचे पोपडे, माळ्यावर आज्ज्यापासनंचं सामान, आणि कौलातनं दोन जागी पाणी येतंय. परवा वळवानं झोडपलं तेव्हा परत बालद्या लावल्या. एका रात्री वहीत सगळं लिहून काढलं, २३ कामं झाली. वही मिटली आणि झोपलो.

पैशाचं म्हणाल तर पोराची फी, आईची औषधं, गाडीचा हप्ता जाऊन हजार-बाराशे हातात राहतात. एका प्लंबरला फोन केला तर नुसतं येऊन बघायचे ३०० म्हणाला, वर फोनवरनंच सांगितलं की सगळं फिटिंग बदलावं लागणार. न बघताच! मेव्हणा म्हणतोय पन्नास हजार पर्सनल लोन काढ आणि एकदाच सगळं उरकून टाक.

आणि खरं सांगू का, पैसे हे एक झालं, पण मिस्त्रीला घरात घ्यायचं म्हणजे आधी घर आवरायला पाहिजे. आवरायचं तर सुट्टी पाहिजे. सुट्टीला पोरगं रंकाळ्यावर चल म्हणून मागं लागतंय. असं करत वर्ष गेलं. कुणी ह्यातनं बाहेर आलाय का? कुठलं काम आधी धरू?

---

मिस्त्री_ऑन_ड्युटी

भावा, २५ वर्षं हेच काम करतोय, तुझ्यापेक्षा बेकार घरं बघितल्यात. मिस्त्रीला पसारा दिसत नाही, त्याला नळ दिसतोय. आमच्यासाठी घर आवरू नकोस, फक्त मोरीतल्या बालद्या बाजूला कर म्हणजे बसायला जागा होईल.

२३ कामांतली पाणी, करंट आणि गॅसची तेवढी वेगळी काढ. कपाटाचं दार सुटलंय म्हणून घर पडत नाही, कौल गळलं तर खालचा वासा कुजतोय आणि मग हजाराचं काम चाळीस हजारावर जातंय. ७ जूनच्या पुढंमागं मृग निघतोय, म्हणजे कौलं पहिली, मग बाकीचं.

कौलावर तू स्वतः चढू नकोस. पाय मधे पडला की कौल फुटतंय, आणि एक फुटलं की त्याच्या वरची ओळ सरकते. शाकारणारी माणसं वाशाच्या अंदाजानं पाय टाकतात, ती सवय लागते. पण त्यांना दिवसाचा पगार असतोय, तुझ्या दोन ठिकाणांना दोन तास लागणार. मग शेजारची दोन घरं धर, एका दिवसात तिन्ही होतील आणि पगार तिघांत वाटून घ्या. जास्तीची आठ-दहा जुनी कौलं कुणाच्या तरी परड्यात पडलेली असणारच, पेठेत तरी असतातच, नवी घेऊ नको.

नळ मात्र तू करणार. मशीन चालवणारा माणूस नळ खोलायला माणूस बोलवतोय म्हणजे काय! आधी बघ, नळ बंद करायला दोन-तीन आटे फिरवावे लागतात का पाव फेऱ्यात बंद होतोय. आटे फिरत असतील तर जुना पितळी, आत वायसर (रबराची चकती) असतोय, पाच-दहा रुपयांचं काम. पाव फेऱ्यात बंद होत असेल तर वायसर शोधत बसू नको, त्याच्यात आख्खं स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, बदलतंय. दोन्हीत आतला भाग काढून खिशात घालून दुकानात जा, तोंडानं वर्णन केलंस तर चुकीचं देतील आणि तुझी फेरी वाया. नळ भिंतीतनं काढलास तर टेफलॉन टेप लागेल, ती आटे ज्या बाजूला आवळतात त्याच बाजूला गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते.

फ्लशला जिलेबीचा रंग चिमूटभर टाकीत टाक आणि वीस मिनिटं कुणी वापरू नका. रंग खाली भांड्यात उतरला तर तळाचं रबर गेलंय. नाही उतरला आणि सूं सूं चालूच असेल तर वरचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) बघ.

---

तांबडा_पांढरा

मेव्हण्याला सांग हप्ता तू भर म्हणून 😄

गंमत सोड, हिशोब कर. ५० हजार, १४ टक्के, दोन वर्षं धरलं तर हप्ता २४०० च्या आसपास बसतोय. तुझ्याकडं राहतात १२००. वर साडेसात हजार व्याज. त्या व्याजात तुझी निम्मी वही संपेल.

पंखा ढकलल्यावर फिरतोय म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेलाय, लोक म्हणतात मोटर गेली आणि नवा पंखा घेतात. पन्नास-साठ रुपयांची डबी असते. तिच्यावर आकडा छापलेला असतोय, घरच्या पंख्याला शक्यतो २.५ मायक्रोफॅरड, तेवढाच आणायचा, मोठा टाकला की जोरात फिरंल असलं डोकं चालवायचं नाही. नुसतं बटण नाही, मेन बंद करायचा, टेस्टर लावून बघायचं, जुन्या कंडेन्सरची दोन टोकं लाकडी मुठीच्या पेचकसनं एकमेकाला टेकवायची, त्यात करंट साठलेला असतोय. आणि वायरी सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो. बदलूनही नुसता गुणगुणत राहिला तर मग वाइंडिंगवाल्याकडं ने.

---

बावड्याची_सून

भाऊ तुमचं ते वही मिटून झोपलो वाचून हसलो आणि मग गप झालो. (बाईच हाय मी, पण कोल्हापूरची, म्हणून हसलो. बाहेरच्यांनी गोंधळू नका.)

आमच्यात २०१९ च्या ऑगस्टला पुराचं पाणी आलं, परत २०२१ च्या जुलैला. दुसऱ्यांदा चिखल काढला आणि त्यानंतर दोन वर्षं मी घरातल्या कशाला हात लावला नाही. कशाला करायचं, परत पाणी येणार, असं डोक्यात बसलेलं. कपाटाच्या तळाला चिखलाची रेघ होती, रोज दिसायची, पुसायला एक मिनिट लागलं असतं. नाही पुसली. त्यामुळं तुम्हाला आळशी म्हणणाऱ्यातली मी नाही.

मी सुटलो ते आमच्या सासूबाईंमुळं. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायच्या हा त्यांचा नियम, त्यात काही बोलायची सोय नाही. मी म्हटलं सगळ्या होणार नाहीत. त्या म्हणाल्या एक धू. एक धुतलो, ओली वाकळ दोघींनी पिळली, दोरीवर टाकली, दोरी तुटली. दोरी बांधायला खिळा ठोकला, खिळा ठोकताना पोपडा पडला, पोपडा झाडताना ती रेघ पण पुसली. असं झालं ते, काही ठरवून नाही.

वही फाडून टाका म्हणत नाही, पण भिंतीवर चिकटवू नका. एका चिठ्ठीवर एकच काम लिहून फ्रीजला लावा, झालं की दुसरी.

पोपडे एवढ्यात धरू नका. ओल कुठनं येते ते बंद न करता रंग दिला तर वर्षात परत सोलतोय, आम्ही पुरानंतर घाईनं पुट्टी मारून हे करून बसलोय, चार हजार पाण्यात. आधी कौलं, मग भिंत आख्खा उन्हाळा वाळू दे.

बर्नर फुकटात होतोय. गार झाल्यावर उचला, गरम पाण्यात चिंच कोळून तासभर बुडवा, जुन्या ब्रशनं घासा, एकेक भोक सुईनं मोकळं करा, उन्हात पूर्ण वाळवा मगच बसवा. भोकं मोकळी झाली की ज्योत निळी येते आणि भांड्याची बुडं काळी व्हायची थांबतात. पण गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते तेवढी बघाच. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, तिथं काटकसर नको.

आणि पैसे तुमच्या माळ्यावरच असतील. रद्दी, मोडकी खुर्ची, बंद मिक्सर, जुनी बॅटरी. फक्त तांब्या-पितळेचं दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, दोन-तीन दुकानात भाव विचारून स्वतः समोर वजन करून घ्या. आज्ज्याचा बंब असला तर थांबा, तो विकताना आईला विचारा.

---

उसाचा_रस

सगळे कर कर म्हणायलेत तर मी एक करू नको सांगतो.

गेल्या दिवाळीत मला पण असाच जोर आला. संडासच्या टाइल्सवर पिवळे डाग, ॲसिड टाकलं, समाधान झालं नाही म्हणून वरनं ब्लिचिंग पावडर मारली. दार बंद, खिडकी वितभर. दोन मिनिटात डोळ्यातनं पाणी, छातीत असं काही भरलं की खोकत खोकत गल्लीत आलो, टॉवेलवर. त्यातनं क्लोरीन गॅस निघतोय हे मला डॉक्टरनं सांगितलं, ते पण हसत. पैसे वाचवायला गेलो आणि औषधाला ७०० गेले. ॲसिड आणि ब्लिचिंग कधी एकत्र नाही. डागाला लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेव, बऱ्यापैकी निघतात, नाही निघाले तर राहू देत, संडास हाय, प्रदर्शन नाही.

---

पेठेतला_गडी

मंडळी, दहा दिवसांनी येतोय, माफ करा.

आधी बालदी लावून बघितली. रात्री १० ते सकाळी ६, ठिबकणाऱ्या नळाखाली, निम्म्याच्या वर भरली. आठ महिने हे मी मोरीत सोडत होतो.

नळ पाव फेऱ्याचा निघाला. मेन कॉक बंद केला आणि शहाण्यासारखा खोलला, पण वरच्या टाकीची लाईन वेगळी हाय हे घरात ३४ वर्षं राहून मला माहीत नव्हतं. तोंडावर फवारा. बायको दारात उभी, काही बोलली नाही, फक्त टाकीचा कॉक कुठं हाय ते बोट करून दाखवलं. तिला माहीत होतं! स्पिंडल खिशात घालून लक्ष्मीपुरीत गेलो, दुकानदारानं हातात घेतलं, मागं वळून तसलंच काढून दिलं, ९० रुपये. नळ बंद झाल्यावर रात्री घर इतकं शांत वाटलं की फ्लशची टाकी जास्तच ऐकू यायला लागली. जिलेबीचा रंग टाकला, पाच मिनिटात भांडं केशरी. रबर आणलंय, अजून बसवलेलं नाही.

पंखा चालू झाला, कंडेन्सर ६० ला मिळाला. पोरगं नाराज, त्याची काठी गेली.

माळ्यावर एक कोपरा झाला, सगळा नाही. रद्दी आणि लोखंड मिळून ६४० आले. बंब सापडला. आईला विचारलं तर म्हणाली घासून ठेव. म्हणजे २३ ची २४ झाली.

मेव्हण्याला हप्त्याचा आकडा सांगितला, तेव्हापासनं तो क्रिकेटवर बोलतोय.

शाकारणारे गुरुवारी येतायत, शेजारच्या काकूंची आणि मागच्या घराची पण कौलं एकदमच. कौलं काकूंच्या परड्यातच होती, बारा, मिस्त्री म्हणाले तसंच. तोवर बालद्या तिथंच ठेवल्यात, आज परत आभाळ आलंय.